मार खाणाऱ्याची टाळी

भिवपुरी
११ फेब्रुवारी २०२५

हर्षले,

तू मला सगळीकडून ब्लॉक केलंस. फोन, व्हॉट्सॲप, इन्स्टा, काही म्हणून सोडलं नाहीस. म्हणून हा कागद. पत्राचा मायना मला शाळेतही जमला नाही, दरवेळी दोन मार्क तिथेच जायचे, तेव्हा तो सोडून देतो. भाविका चौक गावाला शिकवणी घ्यायला जाते. लोधिवलीत तुझ्या घरी हे नेऊन देईन म्हणाली. फाडायचं असेल तर वाचून फाड.

कान कसा आहे? पडद्याला भोक पडलंय असं भाविका म्हणते. ती बोलताना अशी बघत होती, जसं काही मी घरातून ठरवूनच निघालो होतो. हात लागला, मान्य. पण का लागला ते तुलाही माहीत आहे.

नवीन सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर काय लिहिलं होतं? ‘मार खाणारा मालक.’ आपण अकराच्या अकरा जण हसलो होतो. सर म्हणाले, हसून घ्या, वर्षभर हेच शिकायचंय. स्टेजवर थोबाडीत मारणारा काहीही ठरवत नाही. मार खाणारा खूण देतो, मगच हात फिरवायचा, तोही गालापासून वीतभर लांबून. आवाजाची टाळीसुद्धा मार खाणाऱ्यानेच छातीपाशी लपवून वाजवायची. तुझी खूण आपणच ठरवली होती. प्रेक्षकांना दिसणार नाही अशा बाजूने तू पदर मुठीत आवळायचास. सव्वा महिना तालीम केली. शंभरदा तरी मी तुला मारलं असेन आणि तुला फक्त वारा लागला असेल.

शुक्रवारी प्रयोगात तू पदर आवळलास, मी हात फिरवला आणि तू मान मागे घेतली नाहीस. तुझं टायमिंग चुकलं. एवढंच झालं. सगळ्यांना मी हेच सांगितलंय, कारण झालं तेच.

आणि ते वाक्य. त्याबद्दल आज लिहीत नाही, डोकं फिरतं. तिसऱ्या रांगेत माझी आई होती. नेहमीसारखी मान वाकडी करून, उजवा कान पुढे काढून. तुला ती दिसत होती, तरी तू बोललीस.

औषध वेळेवर घे.

ऋषी


१६ फेब्रुवारी

हर्षला,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही काही दारात बसून राहिलेलो नाही.

आमच्या घरी चमत्कार झालाय. माझ्या बापाने मला पहिल्यांदा शाबासकी दिली. तुला माहीत आहेत ना आमचे येसाजीराव? आपल्या कोर्सचं नाव ‘जनसंवाद आणि नाट्य’ आहे हे तीन वर्षांत त्यांच्या तोंडी एकदाही आलं नाही. ‘पोरगा नाच्याचं शिकतो’ असंच ते कंपनीत सांगायचे. प्रयोगालाही आले नाहीत. पण कुणीतरी समोरच्या कॅमेऱ्यातला तो तुकडा गावच्या ग्रुपवर टाकला. बापाने तो पडवीत बसून चारदा पाहिला, आवाज मोठा करून.

आज रविवार, तर स्वतः जाऊन गावठी कोंबडा आणला. जेवताना स्वतःच्या ताटातली तंगडी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाला, “सणसणीत वाजवलीस रं! मला वाटलं कालेजात जाऊन बायल्या झाला पोरगा.”

मी ती तंगडी खाल्ली. चव चांगली होती, हेही लिहून टाकतो. आई वाढत होती. तिने मला वाढलं नाही. भाताचं पातेलं माझ्यासमोर आदळलं आणि आत गेली.

आता त्या वाक्याचं बोलतो. सरांनी घरात पाहिलेला एक प्रसंग लिहून आणा म्हटलं होतं. मी आणला, तुला आवडला, तू त्याची एकांकिका केलीस. मी हो म्हणालो होतो. बापाची भूमिका मीच मागून घेतली, आईची तू घेतलीस. पण दहिवलीच्या पुलावर उभं राहून तुला जे सांगितलं ते नाटकासाठी नव्हतं.

मी नऊ वर्षांचा होतो. खालच्या गावात जत्रेचं नाटक होतं आणि आई शेजारणींबरोबर बापाला न सांगता बघायला गेली होती. सकाळी मीच बापाला सांगितलं. चुगली म्हणून नाही गं, कौतुकाने सांगितलं. म्हटलं, आईला अख्खं नाटक पाठ झालंय, मला सगळ्यांचे आवाज काढून दाखवले तिने. बापाने चहाचा कप खाली ठेवला आणि तिला पडवीत ओढून मारलं. किती मारलं ते मोजता येण्याच्या पलीकडे गेलं तेव्हा ती ओरडायची थांबली आणि सरळ आवाजात म्हणाली, “मारा. पोरगा बगतोय. शिकू द्या त्याला.”

तू पुलावर माझा हात धरून म्हणाली होतीस, हे वाक्य नाटकात येणार नाही. तालमीत एकदाही आलं नाही. आणि प्रयोगात, दोनशे माणसांत, तिच्यासमोर तू ते माझ्या तोंडावर बोललीस. तुझा कान फुटला त्याचं वाईट वाटतं. पण माझं काय फुटलं ते कुठल्या डॉक्टरला दाखवू?

ऋषी


२४ फेब्रुवारी

हर्षला,

तुझा भाऊ भेटला. नमस्कार-चमत्कार झाले. त्याच्या हातात हेल्मेट होतं.

मी तुझ्या घरीच यायला निघालो होतो. चौकच्या नाक्यावर टेंपोतून उतरलो तर नीलेश आणि त्याचे दोन मित्र टपरीशी उभे. मी म्हटलं, “दादा, बोलायचंय.” त्याने पहिलं हेल्मेट माझ्या तोंडावर हाणलं. खाली पडलो, मग तिघांच्या लाथा. ओठाला तीन टाके, डाव्या बरगडीला चीर गेली आहे, डोळा अजून अर्धाच उघडतो. मीही काही साधू नाही. नीलेशच्या अंगठ्याला पट्टी दिसत असेल ना? ते माझे दात. हाडापर्यंत लागले आणि मी सोडलं नाही, शेवटी त्याच्या मित्राने माझे केस ओढून सोडवलं. दुपारचे बारा वाजलेले, नाका भरलेला. लोक मोबाइल काढून उभे होते. त्यांना वाटलं असेल पथनाट्य आहे, आपण तिथेच तर केलं होतं मागच्या वर्षी.

एक सांगतो, नाटकवाल्यांच्या कामाचं आहे. खऱ्या मारामारीत टाळीसारखा आवाज येतच नाही. भिजलेलं पोतं जमिनीवर टाकावं तसा येतो. आपण वर्षभर चुकीचा आवाज काढत होतो.

आणि नीलेश मारता मारता रडत होता. ते मला अपेक्षित नव्हतं. छातीवर गुडघा रोवून म्हणाला, “डावीकडनं हाक मारली तर तिला ऐकू येत नाय रं, भाड्या. डोक्यात दिवसरात शिट्टी वाजतेय म्हनते. हेडफोन उचलून भिंतीवर फोडला तिनं.”

तो काळा हेडफोन? ज्याने तू भिवपुरीच्या क्वार्टर्समागे पाण्याचा आवाज रेकॉर्ड केला होतास, तो? आपल्या वर्गात खरा कान तुला एकटीलाच होता. रेडिओवर जाणार होतीस. सरसुद्धा आवाज लावताना तुलाच विचारायचे, हर्षला, बरोबर वाटतंय का?

जाताना नीलेशने आणखी एक सांगितलं. कॉलेजच्या चौकशीत तुझीच चूक निघाली, तर तुझे बाबा तुला परत पाठवणार नाहीत. वैशाखात लग्न उरकणार आहेत, पेणचं एक स्थळ बघून ठेवलंय. “पोरीनंच घोळ घातला असंल तर कुठल्या तोंडानं पाठवायचं?” असं म्हणतात म्हणे.

मी रस्त्यावर बसून रक्त थुंकलं आणि घरी आलो. टाक्यांमुळे बोलता येत नाही. तुझ्या घरचे यावर खूष होतील.

ऋषी


५ मार्च

हर्षला,

आज समितीसमोर माझा नंबर होता. तू भावाला बरोबर घेऊन परवाच येऊन गेलीस हे कळलं. स्टाफरूममध्ये प्राचार्य मॅडम, नवीन सर आणि बाहेरून आलेल्या एक वकीलबाई. टेबलावर बिस्किटं. एकानेही बिस्किटाला हात लावला नाही.

सरांनी विचारलं, “तिनं पदर आवळला होता?”

“हो सर.”

“नीट आठवून सांग.”

“हो सर.”

तिसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला त्यांचीच कीव आली. मी तिसऱ्यांदाही हो म्हणालो. मॅडमनी समोरच्या दोन कॅमेऱ्यांचं चित्रण लावलं. त्यात काय दिसणार? खूण प्रेक्षकांना दिसू नये म्हणून तर आपण ती बाजू निवडली होती. तू संहितेत नसलेलं वाक्य बोलतेस, हात येतो, तू पडतेस. एवढंच दिसतं. वकीलबाई म्हणाल्या, मुलीने ऐनवेळी बदल केला, गोंधळ झाला, असंच दिसतंय. तुला विचारलं तेव्हा तू वाक्य का घातलंस ते सांगितलंच नाहीस म्हणे. का? दुसऱ्या कुणीही कारण दिलं असतं.

मग सरांनी विचारलं, “विंगेत तिसरा कॅमेरा होता ना? तुझ्या संकलनाच्या पेपरसाठी लावलेला?”

मी म्हटलं, “फोनची बॅटरी उतरली होती सर.”

बॅटरी उतरली नव्हती.

क्लिप माझ्याकडे आहे. फोन माझा, स्टँड माझा, डाव्या विंगेतून लावलेला. तुझी मूठ स्वच्छ दिसते. मी ती क्लिप किती वेळा पाहिली ते विचारू नकोस. एकेक चित्र थांबवून पाहिली, जसं सरांनी शिकवलं तसं. तू वाक्य बोलतेस. तुझी मूठ उघडी आहे. पदर नुसता लोंबतोय. तू माझ्याकडे बघतेस, पुढचं वाक्य मी बोलेन म्हणून थांबली आहेस. आणि माझा हात येतो. तुझी मूठ तू जमिनीवर पडेपर्यंत उघडीच असते.

खूण नव्हती. मी तुला मारलं. पूर्ण ताकदीने मारलं.

हे एवढं लिहायला मला महिना लागला. पण समितीला सांगणार नाही, हेही लिहून ठेवतो. सांगितलं तर मला काढून टाकतील, पोलीस घरी येतील, तिसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आहे. हे पत्र तू मॅडमना दाखवू शकतेस. नाही दाखवणार, मी तुला ओळखतो. अहवाल वीस तारखेला आहे.

आणि तू आधी शब्द मोडलास. माझ्या आईला दोनशे लोकांत उघडं पाडलंस. तू तसं केलंस, मी असं केलं. फिट्टंफाट.

फिट्टंफाट लिहिलंय खरं, पण जेवण जात नाही.

ऋषी


१५ मार्च

हर्षला,

हे सावकाश वाच. मलाही सावकाशच लिहायचंय, उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत.

काल धुळवड. दुपारी बापाचे कंपनीतले तिघे मटणाला आले होते. पडवीत दारूची बाटली उघडली आणि बापाने फोन काढला. “आमच्या पोराची ॲक्टिंग बगा.” पुन्हा ती क्लिप. तिघे हसले. एक म्हणाला, परत लाव. बापाने परत लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा आई आतून आली, त्याच्या हातातला फोन घेतला आणि पाण्याच्या पिंपात टाकला.

बाप उठला. मी दोघांच्या मध्ये गेलो.

इथपर्यंत मी चांगला मुलगा आहे. पुढचं ऐक. मी त्याचा हात धरला असता तर पुरलं असतं, दारू पोटात होती, तो हलतच होता. मी त्याची मान धरून चौकटीवर आपटली. एकदा, मग पुन्हा. त्याचा पुढचा दात माझ्या बोटांत रुतला. तो खाली बसला तरी मी थांबलो नाही, छातीवर बसून मारत राहिलो. पाहुणे पळाले. त्याचं तोंड रंगाने लाल होतं की रक्ताने ते कळत नव्हतं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. तुला मारतानाही अर्धा क्षण असंच बरं वाटलं होतं. हे मी तुझ्याशिवाय कुणालाच सांगू शकत नाही, आणि तुला सांगायचा मला काही हक्क नाही.

मला वाटलं, आईसाठी करतोय. तिने चुलीजवळची फुंकणी उचलली आणि माझ्या पाठीत घातली. “सोड त्याला! सोड म्हनते ना!” बरगडीवर बसली तेव्हा सोडलं. तिने त्याला भिंतीला टेकवून बसवलं, तोंड पुसलं, दात उचलून कोनाड्यात ठेवला. मग हात धुऊन माझ्याकडे आली.

“तुज्या फोनात हाय ना? दाव मला. लोकांचं नको, तुजं दाव.”

विंगेतल्या फोनबद्दल तिला कसं कळलं? तर फोन स्टँडवर लावताना तिने मला पाहिलं होतं. मी क्लिप लावली. तिने फोन उजव्या कानाशी धरला, मग समोर धरला. तुझं वाक्य आलं. माझा हात आला. ती म्हणाली, “मागं घे. हितं थांबव.”

थांबवलं.

“पाय बग तुजा.”

मी इतक्या वेळा ती क्लिप पाहिली आणि फक्त तुझी मूठ बघत बसलो. माझा पाय कधी पाहिलाच नाही. सरांनी घोकून घेतलं होतं की मारणाऱ्याने डावा पाय जागचा हलवायचा नाही, अंतर मोडतं. हात हलायच्या कितीतरी आधी माझा डावा पाय पुढे सरकलेला आहे. तुझं वाक्य पूर्णही झालेलं नव्हतं.

“तुज्या बापाचा पाय असाच सरकायचा आदी,” आई म्हणाली. “पाय सरकला की मी डोळं मिटून घ्यायची. त्या पोरीला काय म्हाईत.”

मी म्हटलं, “आई, पण तिनं ते वाक्य बोलायला नको होतं. तुझी इज्जत...”

“मीच सांगितलं तिला.”

साडी नेसवायला आई तुझ्या मेकअपरूममध्ये आली होती, हे मला माहीत होतं. त्यापुढचं काल कळलं. तू विचारलंस, मावशी, यात काही कमी आहे का? ती म्हणाली, माझं वाक्य कुठे गेलं? तू म्हणालीस, ऋषीने काढायला लावलं. आणि आई म्हणाली, “वाक्य त्याचं हाय का माजं? मार मी खाल्ला का त्यानं? बोल तू. मी समोर बसून ऐकणार हाय.”

मार खाणारा मालक. फळ्यावर लिहिलेलं मी वहीत उतरवून घेतलं होतं, हर्षला, खाली दोन रेघा मारून.

तू समितीपुढे का गप्प बसलीस तेही कळलं. आईचं नाव सांगितलं असतंस तर त्यांनी तिला बोलावलं असतं, आणि ती घरी परत आल्यावर काय झालं असतं ते तुला माहीत होतं. तू कान घालवून तिला वाचवत होतीस आणि मी तुला विश्वासघातकी म्हणत होतो.

आईने फोन माझ्या हातात दिला. माझ्याकडे नीट, बराच वेळ बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं.

“शिकलास रं,” म्हणाली, आणि बापाला पाणी द्यायला गेली.

ऋषिकेश


१७ मार्च

हर्षला,

सकाळी कॉलेज उघडायच्या आधी जिन्यात बसलो होतो. मॅडम आल्यावर क्लिप दिली आणि लेखी जबाब दिला. त्यात लिहिलंय की खूण नव्हती, मी मुद्दाम मारलं, बॅटरीचं खोटं बोललो. वाक्य का आलं ते लिहिलं नाही. ते लिहायचं की नाही हे मी ठरवणार नाही, आईला विचारलं. ती म्हणाली, मी स्वतः येऊन सांगेन. आणि आली. मॅडमच्या खुर्चीसमोर बसून चहा न पिता सगळं सांगितलं. आजपासून ती मामाकडे, नेरळला. घर सोडलंय. बाप दवाखान्यात आहे, जबड्याला तार बांधलीय. त्याने पोलिसांना जिन्यावरून पडलो असं सांगितलं. आमच्या घराला जिना नाही.

नवीन सरांनी माझा जबाब उभ्यानेच वाचला. वाटलं, काहीतरी बोलतील. “खाली सही कर, तारीख घाल,” एवढंच म्हणाले. मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. परीक्षेला बसू देणार नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, तुझ्या घरच्यांनी तक्रार दिली तर पोलीस मला बोलावतील. द्या. मी चौकला स्वतः येईन, नीलेशला सांग, हेल्मेट घरी ठेव म्हणावं, किंवा आण म्हणावं, त्याची मर्जी.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यायची का नाही याचा विचार करावा लागेल, आणि माझ्यासाठी तुला आणखी एक काम लावायचं नाही. तुझ्या बाबांना मॅडम आज फोन करणार आहेत. अहवालात तुझी चूक नाही, हे त्या स्वतः सांगतील. हेडफोन नवा घे. उजव्या कानानेही तू आम्हा दहा जणांपेक्षा जास्त ऐकशील.

यापुढे पत्र लिहिणार नाही. हे शेवटचं भाविकाबरोबर पाठवत नाहीये. हे घेऊन आई तुझ्या दारात उभी आहे. मी आलेलो नाही, रस्त्यावर डोकावून बघू नकोस. तिला तुझ्याशी बोलायचंय. काय बोलायचंय ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

फक्त एक कर. तिची मान वाकडी करायची सवय मी लहानपणापासून बघतोय. काल पहिल्यांदा विचारलं, कधीपासून गं? म्हणाली, “त्याच सकाळपास्नं.” मी बापाला नाटकाचं सांगितलं त्या सकाळपासून. इतक्या वर्षांच्या जत्रा, नाटकं, लग्नं तिने एकाच कानाने ऐकली आणि मला कळलं नाही.

तिचाही डावाच गेलाय. ती घरात आली की सवयीने तुझ्या शेजारी बसायला जाईल, बायका बसतात तशी. शेजारी बसलात तर एकीचं दुसरीला ऐकू येणार नाही. तिला समोर बसव.

ऋषिकेश